स्पर्धेतून एपीएल शिकायची असेल तर

नवी प्रोग्रामिंग भाषा शिकायची म्हणजे आपण काय करतो? व्हिडिओंची लांबलचक मालिका लावतो, चार भाग बघतो आणि सोडून देतो. पायथॉनच्या बाबतीत ते खपून जातं, कारण अडलं की शेजारच्या टेबलावर विचारायला कोणीतरी असतंच. एपीएलला तो शेजारी नसतो.

ही भाषा केनेथ आयव्हर्सन यांची. मुळात ती चिन्हपद्धती होती; तिच्यावरचं पुस्तक १९६२ साली आलं. तुम्ही नमपाय वापरत असाल तर तिची लांबची नात तुमच्या ओळखीची आहे.

मला ती जमली 'ॲडव्हेंट ऑफ कोड'मुळे. २०१५ पासून दर डिसेंबरात ही स्पर्धा होते. रोज एक कोडं, आपल्याकडे सकाळी साडेदहाला. भाषा कुठलीही वापरा, फक्त उत्तर भरायचं. पहिला भाग सुटला की दुसरा उघडतो.

२०२१ चं पहिलं कोडं घ्या: समुद्राच्या खोलीचे आकडे दिलेत, खोली किती वेळा वाढली? माझ्या आकड्यांवर बघा:

+/2</5 7 6 9 3 12

उजवीकडून वाचा. 2</ शेजारच्या जोड्या घेतं आणि 'डावा लहान आहे का' विचारतं. मिळतं 1 0 1 0 1. +/ ने बेरीज केली की 3. लूप नाही, इंडेक्स नाही. दुसऱ्या भागात तीन-तीन आकड्यांच्या बेरजांची तुलना हवी असते:

+/2</3+/5 7 6 9 3 12

बेरजा 18 22 18 24, उत्तर 2. मधे फक्त 3+/ घातलं! विचार यादीच्या पातळीवर करायचा, हे मला तिथे कळलं.

आता माझी चूक. ज्युनिअर्सचा गट जमवला आणि कोणी किती वेळात सोडवलं याचा तक्ता लावला. तिसऱ्या दिवशी निम्मे गप्प. एकाला 3×2+1 चं उत्तर 9 येत होतं आणि तो दोन दिवस आपलंच इन्स्टॉलेशन बिघडलं असं समजून बसला होता. (एपीएलमध्ये गुणाकाराला अग्रक्रम नाही, आधी उजवीकडचं 2+1.) तक्त्यात खाली असलेला माणूस असला प्रश्न विचारत नाही हो.

पुढच्या वर्षी तक्ता काढला. कोडं आधी पायथॉनमध्ये सोडवायचं, मग एपीएलमध्ये लिहायचं, आणि एक ओळ दुसऱ्याला तोंडी समजावायची. उशीर झाला तरी चालेल. प्रश्न यायला लागले, बावळट वाटणारे सुद्धा.

पहिले पाच-सहा दिवस पुरे. पुढे ग्राफमधले रस्ते शोधायची कोडी येतात, तिथे नवख्याचा एपीएलमध्ये जीव जातो, खुशाल थांबा.

डिसेंबरची वाट बघू नका, जुनी कोडी उघडीच असतात. ब्राउझरमध्ये 'ट्रायएपीएल' उघडा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. चिन्हं वरच्या पट्टीवर क्लिक करून येतात.