मोजणी करणारी चिप

मुलांनो, पिंपळे सौदागर येथे आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मुलाने पुण्याच्या बुधवार पेठेतून एक चिमुकली काळी चिप आणली. 'सीडी ४०१७' हे तिचे नाव. विजेचे ठोके मोजणे हे तिचे काम. तिला दोन्ही बाजूंस आठ-आठ अशा १६ पिना असतात. चिपच्या एका टोकास खाच असते. ती वर धरली म्हणजे डावीकडची पहिली पिन ती क्रमांक १ ची. तेथून खाली ८ पर्यंत उतरावे व उजवीकडून वर चढत १६ गाठावे.

१६ व्या पिनेस विजेचे धन टोक व ८ व्या पिनेस ऋण टोक जोडतात. १४ वी पिन ठोके घेते. दर ठोक्यास दहा पिनांपैकी पुढच्या एकीवर वीज येते व तिला जोडलेला दिवा लागतो. मात्र शून्याची पिन ३ री, एकाची २ री, दोनाची ४ थी! हा विचित्र क्रम पाठ करू नये. कोष्टक जवळ ठेवावे. १२ वी पिन दर दहा ठोक्यांनंतर पुढच्या चिपला एक हातचा देते.

त्या मुलाचे दिवे मात्र वाटेल तसे लागू लागले. चिप बिघडली असे समजून तो ती फेकून देणार होता. पाहतो तो १३ वी व १५ वी या पिना मोकळ्याच! १३ वीवर वीज आली की मोजणी थांबते. १५ वीवर आली की ती शून्यावर परतते. मोकळी पिन जवळ आलेल्या बोटालाही हुकूम समजते. दोन्ही पिना ऋण टोकास जोडताच दिवे शून्यापासून नवापर्यंत ओळीने लागू लागले.