फ्लॅशमध्ये चेहरे पांढरेफटक येतात? फोम शीट आणि बटर पेपर कामी येतील!

मंगळागौरीचे, डोहाळेजेवणाचे, हळदीकुंकवाचे फोटो पाहताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे, कपाळावर घामाची चकाकी, मागच्या रांगेत नुसते अंधारातले आकार आणि पाठीमागच्या भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या. जरीचा काठ चमकतो, नथ चमकते, पण चेहरा सपाट. "आमचा कॅमेराच साधा" असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतोच. त्याच्या डोक्यावर बसलेला फ्लॅश सरळ तोंडावर मारला, की असंच होणार.

आणि आपल्या घरातल्या बायकांचे बरेचसे फोटो असे समारंभातच निघतात. एरवी कोण मुद्दाम आजीचा फोटो काढतं? पुढे कधीतरी भिंतीवर लावायला एक फोटो हवा असतो, तेव्हा सगळे अल्बम उपसले जातात. कुठल्याशा मुंजीच्या ग्रूप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करायचं ठरतं, आणि बघावं तर त्या झगमगाटात तिच्या सुरकुत्या, गालावरची खळी, सगळंच पुसून गेलेलं! तो फोटो पुन्हा काढता येत नाही. म्हणून ही खटपट.

आधी कारण समजून घेऊ. भर दुपारच्या उन्हात सावली कशी कापल्यासारखी रेखीव पडते, आणि आभाळ भरून आलं की ती जवळजवळ नाहीशी होते. सूर्य तोच, पण उन्हात उजेड आकाशातल्या एका लहानशा ठिपक्यातून येतो आणि ढग असले की तो सगळ्या आभाळभर पसरून येतो. प्रकाश जेवढ्या मोठ्या जागेतून येईल तेवढा तो मऊ. फ्लॅशची काच जेमतेम दोन-अडीच इंचांची, म्हणजे त्याची गत दुपारच्या उन्हासारखी. शिवाय तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरून उजेड उलटून येतो आणि डोळे लाल दिसतात.

दुसरी गोष्ट अंतराची. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. पुढची रांग पाच फुटांवर आणि मागची दहा फुटांवर असेल, तर मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांच्या पाव भागच उजेड येतो. मागे उभ्या राहिलेल्या जावा-नणंदा अंधारात का जातात, ते आता कळलं ना?

तेव्हा करायचं एवढंच, की हा लहानसा उजेड आधी कशावर तरी मारून मोठा करून घ्यायचा. तुमचा फ्लॅश कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा असेल आणि त्याचं डोकं वर वळत असेल, तर निम्मं काम झालंच. पांढऱ्या छताकडे तोंड करून फ्लॅश मारा. सगळं छतच दिव्यासारखं उजळतं, पुढच्या-मागच्या रांगांतला फरक बराच कमी होतो, सावल्या विरघळतात आणि चष्म्याच्या काचांवरची चमकही बहुतेक जाते. फोटोग्राफर ह्याला 'बाउन्स करणं' म्हणतात. मात्र नुसता वरूनच उजेड आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. त्यासाठी ही पट्टी करा.

स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी फोम शीट मिळते. तिच्यातली स्वच्छ पांढरी घ्या, पिवळसर नको. पाच इंच रुंद, आठ इंच उंच तुकडा कापा आणि खालचे दोन इंच फ्लॅशच्या डोक्याच्या रुंदीएवढे निमुळते करा. हा तुकडा फ्लॅशच्या डोक्याच्या मागच्या बाजूला उभा ठेवून केसांच्या रुंद इलॅस्टिक बँडने घट्ट बसवा. चिकटपट्टी लावू नका. तिचा चिकटा मागे राहतो. फ्लॅश छताकडेच राहू द्या. बराचसा उजेड वर जाईल आणि थोडा ह्या पट्टीवरून पुढे येईल, त्यामुळे डोळे उजळतील आणि बाहुलीत एक छानसा ठिपका चमकेल. तेवढ्यानेही चेहऱ्यात जीव येतो. फोम मिळाला नाही तर जाड पांढऱ्या कार्डशीटचा तुकडाही चालतो, फक्त तो लवकर वाकतो.

आता घरोघरच्या अडचणी. पिस्ता किंवा गुलाबी रंगाच्या भिंतीवर फ्लॅश मारलात तर चेहराही पिस्ता किंवा गुलाबी होईल. जुन्या वाड्याची लाकडी तक्तपोशी तर उजेड गिळूनच टाकते. अशा वेळी एक धुतलेली पांढरी चादर बाजूला दोरीवर टाका आणि फ्लॅशचं डोकं तिच्याकडे वळवा. खिडकीतून यावा तसा एका बाजूने उजेड येतो आणि नाक-गाल उठून दिसतात. माझ्या मते घरात एकट्या माणसाचा फोटो काढायला ह्या चादरीइतकं सुंदर साधन नाही, आणि खर्च शून्य! मंगल कार्यालयाच्या उंच पत्र्याकडे मात्र फ्लॅश मारून उपयोग नाही. तिथे पट्टी लावून जवळ जाणंच बरं.

श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याचं टोपण फ्लॅशला घालतात, तेही करून बघा. डबा अर्धपारदर्शक हवा. आत टॉर्च धरून उजेड बाहेर एकसारखा दिसतो ना ते बघा. पण एक लक्षात ठेवा. त्या डब्याने दिवा काही फार मोठा होत नाही. तो उजेड चहूकडे उधळतो आणि आजूबाजूच्या पांढऱ्या भिंतींवरून तो परत येतो, त्यातच त्याची करामत. म्हणून लहान खोलीत छान, आणि अंगणात किंवा गच्चीवर लावलात तर नुसती उजेडाची नासाडी. बाजारात अशीच तयार टोपणं मिळतात, काही तर हजारांच्या घरात. त्यांनाही हाच नियम लागू!

काही कॅमेऱ्यांत फ्लॅश आतच असतो, बटण दाबलं की वर उघडतो. तो वळत नाही. त्याच्यापुढे दोन इंचांवर बटर पेपरची कमान धरा. पण ह्यात उजेड खर्ची पडतो, त्याचा हिशेब ठेवायला हवा. समजा फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर १२ मीटर दिला आहे. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर ४ असताना त्याची पोच १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. बटर पेपरने उजेड चौथ्या हिश्श्यावर आणला तर पोच दीड मीटर. आयएसओ ४०० केलात की पुन्हा ३ मीटर. छतावरून बाउन्स करताना मी तर ८०० पासूनच सुरुवात करा म्हणेन. आजकालच्या कॅमेऱ्यांना ते जड जात नाही.

ही यंत्रांची कामं पुरुषांची, असं अजूनही काही घरांत मानतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) साडी नेसून अवजड कॅमेरा सांभाळत दिल्लीत वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होत्या. आपल्याला तर इथे फक्त कात्री चालवायची आहे.

तरी काही पथ्यं पाळावीत. प्लास्टिक किंवा कागद फ्लॅशच्या काचेला अगदी चिकटवून भराभर फ्लॅश मारू नका. काच तापते आणि प्लास्टिक वितळू शकतं. जुन्या स्वयंचलित फ्लॅशच्या पुढच्या बाजूला उजेड मोजणारा लहानसा डोळा असतो, तो झाकू नका. कपाटात सासऱ्यांच्या वेळचा फ्लॅश असेल, तर तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर तसाच बसवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या जोडणीत दोनशे व्होल्टहून जास्त दाब असतो आणि त्याने कॅमेरा बिघडू शकतो. आधी जाणकाराकडून मोजून घ्या. आणि बंद पडलेला फ्लॅश घरी उघडायचा नाही. आत सुमारे तीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात, सेल काढल्यावरसुद्धा. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी त्याचा फ्लॅश बंद ठेवावा, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च लावून तो वहीच्या कोऱ्या पानावर किंवा पांढऱ्या भिंतीवर मारावा आणि तो परतलेला उजेड चेहऱ्यावर घ्यावा. बारशाला पाळण्यातल्या बाळाचा फोटो असा काढला तर डोळ्यांत थेट उजेडही जात नाही.

फोम शीट मळली तर साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. पिवळी पडली की मात्र टाकून द्या आणि नवी कापा, नाहीतर फोटोतली सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतील.