निकाल न देण्याचा अधिकार

लोकशाहीतली एखादी संस्था पक्षाच्या दावणीला बांधायची तर ती मोडावी लागत नाही. बरेचदा योग्य वेळी केलेला उशीर आणि योग्य वेळी केलेली घाई एवढ्यावर भागते. विधानसभाध्यक्षांच्या पदाचे असेच झाले आहे. 1967 नंतर आमदारांच्या उड्यांनी राज्याराज्यांत सरकारे कोसळू लागली. त्यावर उपाय म्हणून 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्ष सोडला किंवा पक्षादेश झुगारून मतदान केले तर आमदारकी जाणार, हा त्यातला नियम. ती गेली की नाही हे ठरवण्याचे काम मात्र अध्यक्षांकडे दिले, म्हणजे सभागृहातल्या बहुमतावर ज्यांची खुर्ची टिकते त्यांच्याकडेच. वर निकालाला मुदतही घातली नाही. राजकारण शिरले ते या मोकळ्या जागेतून.

मणिपुरात 2017 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेला एक आमदार थेट भाजपच्या सरकारात मंत्री झाला. त्याच्याविरुद्धची याचिका अध्यक्षांसमोर पडून राहिली, आणि अखेर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्याला मंत्रिमंडळाबाहेर काढावे लागले. बंगालमध्ये पक्ष वेगळे, तऱ्हा तीच. भाजपचे आमदार मुकुल रॉय यांनी 2021 मध्ये उघडपणे तृणमूलमध्ये प्रवेश केला, तरी अध्यक्षांना पक्षांतराचा पुरावा काही सापडला नाही! महाराष्ट्राने तर घाई आणि उशीर दोन्ही पाहिले. जून 2022 मध्ये अध्यक्षपद रिकामे असताना उपाध्यक्षांनी शिवसेनेच्या बंडखोर आमदारांना उत्तरासाठी जेमतेम दोन दिवस दिले, ते न्यायालयाने वाढवले. सत्ता पालटली, 3 जुलैला नव्या बहुमताने नवे अध्यक्ष निवडले, आणि त्याच बहुमतातल्या आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. वाजवी वेळेत निर्णय घ्या, असे न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितले. तेवढ्याने हलले नाही म्हणून तारीख घालून द्यावी लागली. 10 जानेवारी 2024 रोजी निकाल आला: कोणत्याच गटाचा एकही आमदार अपात्र नाही. निकालाच्या गुणदोषांवर कायदेपंडितांनी वाद घालावा. पण याचिकांत ज्यांचे नाव होते ते मुख्यमंत्री तोवर दीड वर्ष कारभार करत होते, आणि निकाल उलटा लागता तरी ते दीड वर्ष कोणी परत आणू शकले नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की सभागृह आपल्या घरचे ठरवते, बाहेरच्याने त्यात पडू नये. पण लाभाचे पद घेतलेल्या आमदाराचा निर्णय राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार देतात, ही तरतूद याच राज्यघटनेत आहे आणि तिने सभागृहाचा मान गेल्याचे कोणी म्हटलेले नाही. पक्षांतराचा विषयही त्याच वाटेने न्यावा, असे दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवले होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आयोग तरी कुठे निर्लेप आहे? 2023 च्या कायद्याने आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरकारचेच बहुमत झाले, हे खरे. म्हणूनच निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी न्यायाधिकरणाचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या मणिपूर निकालात म्हटले, ते मला अधिक पटते. राहिला चांगल्या माणसांचा मुद्दा. नीलम संजीव रेड्डी यांनी 1967 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होताच पक्ष सोडला होता. सोमनाथ चटर्जी यांनी 2008 मध्ये पक्षाचे ऐकून पद सोडायला नकार दिला, तेव्हा पक्षाने त्यांना काढून टाकले. ब्रिटनमध्ये सभापती पक्ष सोडतात आणि मोठे पक्ष सहसा त्यांच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडच्या अध्यक्षांना पुढचे तिकीट पक्षाकडेच मागावे लागते. अशा व्यवस्थेत तटस्थ राहणे हे शौर्य ठरते, आणि कायदा शौर्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

न्यायालयाने 2020 मध्येच साधारण तीन महिन्यांची मुदत सुचवली आहे. ती दहाव्या परिशिष्टात लिहायला एक वाक्य पुरेल. आज सत्तेत असलेल्या आणि उद्या येऊ पाहणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या खासदारांना मतदारांनी या एका वाक्याबद्दल विचारावे.