टी.बी.चा जंतू मोकळा कसा सुटतो?

दिवाळी झाली की धडगाव परिसरातील पाड्यांवरून माणसे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, ती होळीच्या सुमारास परततात. एचआयव्हीचे औषध घेणारा कुणी त्यांत असला तर निघताना हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, खोकला गेला, वजन वाढले. आता चार महिने गोळ्या नाही घेतल्या तर चालेल ना?"

चालणार नाही. का, हे समजण्यासाठी हा विषाणू शरीरात नेमके काय करतो ते पाहू.

सातपुड्यात घरे लांबलांब. संकट आले तर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाक जाते आणि माणसे धावतात. शरीराचे संरक्षणही असेच हाकेवर चालते. पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. कोणी जंतू गिळायचे, कोणी प्रतिपिंडे तयार करायची, कोणी बाधित पेशी मारायच्या, हे त्यावर ठरते. यातील बरेचसे निरोप देणाऱ्या पेशीला 'मदतनीस टी-पेशी' म्हणतात. (नाव फसवे आहे. ही मदतनीस कसली, घरची कारभारीणच!) तिच्या अंगावरील सीडी-४ नावाच्या प्रथिनाला एचआयव्ही चिकटतो, आत शिरतो आणि आपला आराखडा तिच्याच जनुकांत गुंफतो.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. टी.बी.चे जंतू आपल्यापैकी अनेकांच्या फुप्फुसांत निपचित असतात. भक्षक पेशींनी त्यांना गिळलेले असते. पण गिळणे वेगळे आणि मारणे वेगळे. मारण्याचे बळ येण्यासाठी टी-पेशीकडून 'इंटरफेरॉन गॅमा' हा निरोप यावा लागतो. तो थांबला की डांबलेला जंतू मोकळा सुटतो. असा जंतू अंगात असलेल्या १०० निरोगी माणसांपैकी ५ ते १० जणांना आयुष्यभरात कधीतरी टी.बी. होतो. एचआयव्ही असून औषध चालू नसेल, तर जवळपास तेवढी जोखीम एकेका वर्षाची असते.

शिवाय छातीच्या फोटोत दिसणाऱ्या पोकळ्या या बऱ्याच अंशी शरीराने दिलेल्या लढ्याच्या खुणा. लढाच नसेल तर कधीकधी फोटो स्वच्छ येतो, बेडक्यातही जंतू दिसत नाहीत आणि रोगी मात्र खंगत जातो. तेव्हा चांगल्या फोटोवर समाधान मानू नये.

विषाणू शिरतो आणि पेशी मारतो, एवढेच पूर्वी वाटे. ते अर्धे खरे. अनेक पेशी घुसखोरी अर्धवट असतानाच स्वतःला पेटवून घेतात आणि त्यातून सुटलेली रसायने नव्या पेशींना तिकडेच बोलावतात. आतड्यातील टी-पेशी तर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात संपतात. आतड्याची भिंत सैल होते, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि धोक्याची हाक रात्रंदिवस चालू राहते. सतत धावून बाकीच्या पेशीही थकतात. माणसाला मात्र कित्येक वर्षे काही जाणवत नाही! एक घनमिलिमीटर रक्तात या सीडी-४ पेशी साधारण ५०० ते १५०० असाव्यात. २०० च्या खाली गेल्या की त्यास एड्स म्हणतात.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून सीडी-४ कितीही असल्या तरी ती लगेच सुरू करतात. औषधाने विषाणूची पैदास थांबते, निरोप पुन्हा पोचू लागतात, वजन वाढते. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. पण जनुकांत गुंफलेला आराखडा निघत नाही. तो सुप्त पेशींत पडून राहतो आणि गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. अधूनमधून गोळ्या घेणे तर आणखी वाईट, कारण मग तो औषधाला दाद देईनासा होतो.

म्हणून मुकादमाची उचल घेतली की लगेच केंद्रात जाऊन किती महिने आणि कुठे जाणार ते सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या मागता येतात किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रात नाव हलवता येते. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. आणखी काही विचारायचे असल्यास १०९७ हा क्रमांक मोफत आहे.