रात्रीच्या पडद्यावरील मौनाचे पाच महिने

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील रात्रीचे संवाद-कार्यक्रम २ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाले. त्याआधी पाच महिने तिथे जुनेच भाग दाखवले जात होते. ‘रायटर्स गिल्ड’च्या सुमारे साडेअकरा हजार सदस्यांनी २ मे रोजी लेखणी खाली ठेवली आणि त्याच रात्रीपासून स्टीफन कोल्बेर, जिमी फॅलन, जिमी किमेल यांचे मंच ओस पडले. चित्रपट-मालिकांच्या संहिता महिनोन्महिने आधी लिहिलेल्या असतात. संपाची झळ तिथे उशिरा पोहोचते. इथे मात्र सकाळच्या बातमीवर दुपारी विनोद लिहिला जातो आणि रात्री तो प्रेक्षकांपुढे येतो. कोठारात शिल्लक अशी नसतेच. (आपल्याकडे रात्री नऊच्या ‘महाचर्चे’ला लेखक लागत नाही, हा भाग वेगळा.)

या मौनाची राजकीय किंमतही होती. जूनमध्ये गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर आरोप ठेवले गेले; ऑगस्टमध्ये जॉर्जियातील तुरुंगात आरोपी म्हणून त्यांचे छायाचित्र काढले गेले. सत्तेची टर उडवणे हेच ज्या कार्यक्रमांचे काम, ते नेमके त्या दिवसांत मुके होते.

मला २००७-०८ च्या शंभर दिवसांच्या संपाशी तुलना उद्बोधक वाटते. तेव्हा जानेवारीत सूत्रसंचालक लेखकांविना परतले. कोनन ओब्रायन वेळ काढण्यासाठी टेबलावर लग्नाची अंगठी फिरवत बसले. जे लेनो यांनी स्वतःच विनोद लिहिले. तेही गिल्डचे सदस्य असल्याने संघटनेने आक्षेप घेतला. डेव्हिड लेटरमन मात्र लेखकांसह परतले, कारण कार्यक्रम त्यांच्याच निर्मितीसंस्थेचा होता आणि त्या संस्थेने गिल्डशी स्वतंत्र करार केला होता. २०२३ मध्ये त्या वेळेसारखी फूट पडली नाही. बिल मार यांनी सप्टेंबरमध्ये परतण्याची घोषणा केली, पण ती मागे घेतली. पाच सूत्रसंचालकांनी मिळून पॉडकास्ट काढला आणि त्याचे उत्पन्न बेकार झालेल्या कर्मचाऱ्यांना दिले.

१४८ दिवसांनंतर लेखकांना वाढीव किमान मोबदला मिळाला. कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘लेखक’ मानता येणार नाही, हे कलमही करारात आले. हे शक्य झाले, कारण तेथील पटकथालेखक कायद्याने कर्मचारी आहेत. लिखाणाचा स्वामित्वहक्क स्टुडिओकडे जातो आणि त्या बदल्यात सामूहिक वाटाघाटींचा अधिकार मिळतो.

आपली व्यवस्था जवळजवळ उलटी आहे. जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्यानंतर २०१२ मध्ये झालेल्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने रॉयल्टीतील लेखकाचा वाटा अहस्तांतरणीय ठरवला. कागदावर हा अधिकार अमेरिकी लेखकांहून मोठा आहे. परंतु तो वसूल करण्यासाठी निर्मात्यासमोर बसायचे कोणी? मुंबईतील ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली नोंदणीकृत झाली. पण त्या कायद्यात नोंदणी होती, मान्यतेची सक्ती नव्हती. निर्मात्यांनी चर्चाच नाकारली, तर त्यांना भाग पाडणारी तरतूद त्यात नव्हती. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला मान्यता देण्याची तरतूद आहे. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली; मात्र कामानुसार करार करणारा पटकथालेखक तिच्या व्याख्येतील ‘कामगार’ ठरेल का, याचे स्पष्ट उत्तर तिच्यात नाही.