पनवेल खाडीतील पक्षी छायाचित्रण
पनवेल खाडी ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल शहरालगतची खाडी आहे. शरद ऋतूत उत्तरेकडील प्रदेशांतून तुतवार, चिखले इत्यादी स्थलांतरित पाणपक्षी या किनारपट्टीवर येतात. ओहोटीच्या वेळी ते उघड्या पडलेल्या चिखलात भक्ष्य शोधतात. भरतीच्या वेळी कांदळवनालगतच्या उंचवट्यांवर थव्याने विसावतात. भरती चढत असताना पक्षी किनाऱ्याजवळ सरकतात, म्हणून छायाचित्रणास हीच वेळ सोयीची ठरते. मात्र विसावलेला थवा उडवून छायाचित्र घेणे अनुचित मानले जाते, कारण दीर्घ प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांची शक्ती त्यात वाया जाते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव झाला आहे. त्यामुळे दिनांक व स्थळाच्या नोंदीसह घेतलेली छायाचित्रे उरलेल्या विश्रांतिस्थानांचा पुरावा म्हणूनही उपयुक्त ठरतात.