बाराखडीच्या वाटेने इंग्रजी वाचन

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचवीपासून शिकवला जात असे. २००० साली महाराष्ट्र शासनाने तो पहिलीपासून लागू केला आणि स्वतःच्या भाषेतील अक्षरओळखही पुरती न झालेल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी प्राथमिक शिक्षकांवर आली. विषय चार वर्षे अलीकडे आला, परंतु शिकवण्याची रीत बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली: आधी 'ए' ते 'झेड' अक्षरांची घोकंपट्टी, मग 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असे स्पेलिंगचे पाठांतर, त्यानंतर शिक्षकामागून धडा म्हणणे आणि शेवटी फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेणे. या रीतीने मूल काही शब्द नजरेने ओळखू लागते, पण न शिकवलेला शब्द समोर आला की तो वाचण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. ते शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते किंवा गाइडमध्ये इंग्रजी ओळीखाली देवनागरीत छापलेला उच्चार वाचते आणि इंग्रजी अक्षरांकडे त्याची नजर वळतच नाही.

या अडचणीवर जगभर ज्या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे ती पद्धत म्हणजे फोनिक्स, अर्थात अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध क्रमाक्रमाने, उघडपणे शिकवून त्या ध्वनींची जोडणी करत शब्द वाचायला लावणारी पद्धत. मराठी मुलाच्या बाबतीत तिला दोन गोष्टींची जोड मिळणे आवश्यक आहे: एक, मुलाला मराठीतून आधीच अवगत असलेल्या ध्वनिज्ञानाची आणि दुसरी, प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुढे जाण्याची. या दोन्ही गोष्टी वगळून केवळ परदेशी तक्ते भिंतीवर लावले, तर फोनिक्स ही नव्या नावाची घोकंपट्टीच ठरते.

अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज

देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार यांत फारसे अंतर नसते. 'म' या चिन्हाला 'म'च म्हणतात आणि शब्दातही ते बहुधा तसेच उच्चारले जाते. इंग्रजीत मात्र 'सी', 'ए', 'टी' ही तीन नावे भरभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही. 'एच' या नावात 'ह' ऐकू येत नाही, 'डब्ल्यू'मध्ये 'व' नाही आणि 'वाय'ची सुरुवात 'य'ने होत नाही. म्हणूनच फोनिक्समध्ये अक्षरांची नावे मागे ठेवून त्यांचे आवाज आधी शिकवले जातात आणि अक्षरांचा क्रमही वर्णमालेचा नसतो. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या अनेक पाठमालांत 'एस', 'ए', 'टी', 'आय', 'पी', 'एन' ही सहा अक्षरे प्रथम येतात, कारण तेवढ्या सहा आवाजांतून 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'टिन', 'सिट', 'स्पिन' असे कितीतरी शब्द तयार होतात आणि मूल अगदी आरंभीच्या दिवसांतच स्वतःच्या बळावर वाचू लागते. मराठी शाळांत 'ग म भ न' या गटाने अक्षरलेखनाची सुरुवात करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागेही वर्णमालेच्या क्रमापेक्षा मुलाची सोय महत्त्वाची मानणारा असाच विचार आहे.

भाषेतील अर्थभेद घडवणाऱ्या लहानात लहान ध्वनिघटकाला भाषाशास्त्रात स्वनिम म्हणतात. इंग्रजीत अक्षरे २६ आणि स्वनिम, प्रमाण ब्रिटिश उच्चारानुसार, सुमारे ४४ आहेत. त्यामुळे काही आवाजांसाठी दोन-दोन अक्षरे एकत्र वापरावी लागतात आणि एकाच अक्षराला अनेक आवाज सांभाळावे लागतात. 'ओ', 'यू', 'जी', 'एच' हीच चार अक्षरे 'दो', 'थ्रू', 'टफ' आणि 'कॉफ' या चार शब्दांत चार वेगळे उच्चार घेतात. या गुंतागुंतीला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन राजवट आल्यावर इंग्रजी लेखनात फ्रेंच वळण शिरले; १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केल्यानंतर शब्दांची लेखनरूपे हळूहळू स्थिर होऊ लागली; परंतु त्याच शतकांत दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत होते, आणि लेखन जुन्या उच्चारांपाशी थांबून बोलणे पुढे निघून गेले. फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या युरोपीय लिप्यांच्या तुलनात्मक अभ्यासात, आरंभीचे वाचनकौशल्य मिळवण्याचा इंग्रजी मुलांचा वेग इतर बहुतेक भाषांतील मुलांच्या निम्म्याहूनही कमी आढळला. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचीच ही स्थिती असेल, तर ती दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलाला स्पष्ट आणि क्रमबद्ध अध्यापनाची गरज अधिक आहे, हे उघड आहे.

मराठी मुलाजवळचे भांडवल

इंग्रजी वाचनाकडे येणारे मराठी मूल रिकाम्या हाताने येत नाही. बाराखडी हा मुळात ध्वनी जोडण्याचाच तक्ता आहे: 'क्' हे व्यंजन कायम ठेवून त्याला एकेक स्वर जोडत गेले की 'का', 'कि', 'की', 'कु' तयार होतात, आणि हीच क्रिया इंग्रजी शब्द वाचताना करायची असते. अडचण एवढीच, की देवनागरी ही अक्षरप्रधान लिपी असल्याने तिच्यातील 'क' या चिन्हात 'अ' आधीच मिसळलेला असतो. त्यामुळे इंग्रजी अक्षराचा आवाज सांगताना शिक्षकाने 'क', 'ट' असे पूर्ण उच्चार सांगितले, तर मूल 'क-ॲ-ट' असे तीन तुकडे म्हणते आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. येथे पाय मोडण्याची मराठीतली सोय उपयोगी पडते. 'क्', 'ट्' असे स्वररहित उच्चार मुलाला पायमोडक्या अक्षरांच्या साहाय्याने दाखवता येतात, आणि 'घर' हा शब्द लिहिताना पूर्ण 'र' लिहूनही बोलताना आपण 'घर्' असेच म्हणतो हे लक्षात आणून दिले, की शब्दाच्या अखेरीस येणारे सुटे व्यंजन त्याच्या कानाला परके राहत नाही.

हे लक्षात आणून देणे मात्र शिक्षकाचेच काम आहे. ते आपोआप घडत नाही. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात असे दिसले, की अक्षरप्रधान लिपी शिकणाऱ्या मुलांत सुट्या स्वनिमांची जाणीव सावकाश विकसित होते. मराठीच्या लिपीची घडणही तशीच असल्याने, शब्द ऐकून त्यातील पहिला, मधला आणि शेवटचा आवाज वेगळा काढण्याचे तोंडी खेळ प्रथम मराठी शब्दांवर आणि मग इंग्रजी शब्दांवर घेणे फायद्याचे ठरते.

स्वरांच्या बाबतीत मराठीने आणखी एक वाट तयार करून ठेवली आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठी लेखनात 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे रुळली असल्याने 'बॅट' आणि 'बेट', 'कॉट' आणि 'कोट' यांतील फरक मराठी मुलाला डोळ्यांनीही दाखवता येतो. काही ठिकाणी मराठीची सवय अडथळाही आणते: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींसाठी एकच 'व', किंवा 'थिन'मधल्या घर्षक ध्वनीऐवजी 'थ'. परंतु सुशिक्षित भारतीय इंग्रजीत हे उच्चार सर्वमान्य आहेत. शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्यात नसलेले भेद मुलांवर लादण्यात वेळ घालवण्यापेक्षा 'ए', 'ई', 'आय', 'ओ', 'यू' या स्वराक्षरांचे ऱ्हस्व आवाज पक्के करण्यात तो वेळ सार्थकी लागतो.

संशोधन काय सांगते

शब्द अखंड ओळखायला शिकवावे की ध्वनी जोडून, हा वाद अमेरिकेत दीर्घ काळ चालला. जीन चॉल यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात उपलब्ध अभ्यासांची छाननी करून आरंभीच्या टप्प्यावर ध्वनिनिष्ठ अध्यापनाच्या बाजूने कौल दिला, आणि २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने ध्वनिजाणीव, फोनिक्स, वाचनातील ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन ही वाचन अध्यापनाची पाच अंगे मानली. स्कॉटलंडमधील क्लॅकमॅननशायर येथे सुमारे ३०० मुलांवर झालेल्या अभ्यासाचे २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सुटे ध्वनी जोडत जाणाऱ्या पद्धतीला अनुकूल होते. त्या अभ्यासाच्या रचनेवर आक्षेप घेतले गेले, तरी वाचन अध्यापनाचा आढावा घेणाऱ्या २००६ च्या 'रोज' अहवालानंतर इंग्लंडच्या शाळांनी ही पद्धत स्वीकारली. मात्र या संशोधनातील बहुसंख्य मुले घरी इंग्रजीच ऐकणारी, बोलणारी होती, आणि महाराष्ट्रात ही पद्धत आणताना हाच फरक सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

ज्याची त्याची गती

फोनिक्समध्ये प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. तीन ध्वनींचे शब्द जोडता न येणाऱ्या मुलाला 'स्टॉप' किंवा 'हँड' मधील जोड व्यंजने वाचता येत नाहीत, आणि ऱ्हस्व स्वर पक्के नसलेल्या मुलाला, शब्दाच्या अखेरीस 'ई' हे अक्षर लागताच 'टॅप'चे 'टेप' आणि 'पिन'चे 'पाइन' का होते, हे समजत नाही. पाठ्यपुस्तक सगळ्या वर्गाला एकाच तारखेला पुढच्या धड्यावर नेते. एखादी पायरी राहून गेलेले मूल त्यानंतरच्या प्रत्येक धड्याला अनोळखी होत जाते. म्हणून स्वतंत्र गती ही येथे केवळ सवलत नाही, तर पद्धतीची अटच आहे.

हा विचार नवा नाही. १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत मुलाने अक्षराचा आवाज म्हणावा आणि तयारी झाली की स्वतःच पुढच्या साहित्याकडे वळावे, अशी योजना केली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तिला भारतीय परिस्थितीत रुजवले. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली मांडलेल्या प्रभुत्वाधिष्ठित अध्ययनाचे सूत्र असे, की पुरेसा वेळ आणि योग्य साहाय्य मिळाले तर बहुतेक मुले तेच कौशल्य आत्मसात करतात. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने बहुवर्ग शाळांसाठी पाठ्यपुस्तकाऐवजी क्रमवार कार्डांची शिडी तयार केली, आणि तमिळनाडूने तिच्यापासून प्रेरणा घेऊन कृतियुक्त अध्ययन सरकारी शाळांत राबवले. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार करण्याची रीत देशभर नेली.

वर्गात याचे रूप साधे असू शकते. प्रत्येक आवाजासाठी एक छोटे कार्ड असावे, त्यावर आधी वाचून दाखवलेले नसतील असे काही शब्द आणि एक-दोन वाक्ये असावीत; मुलाने ती न अडता वाचली तर पुढचे कार्ड, अडखळत वाचली तर त्याच आवाजाचे दुसरे सरावकार्ड त्याला मिळावे. रोज पाच-सहा मुलांचे वाचन शिक्षकाने स्वतः ऐकले, तर तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येते आणि तेवढ्या वेळात इतर मुले जोडीजोडीने सराव करतात. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या असलेल्या गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत मुले तसेही वेगवेगळ्या पातळ्यांवर एकत्र बसतात. तेथे ही रचना एका सामायिक धड्यापेक्षा अधिक स्वाभाविक आहे. गतीचा अर्थ मुलाला एकटे सोडणे असा मात्र नाही. मागे राहिलेल्या मुलाला शिक्षकाचा वेळ इतरांपेक्षा जास्त मिळाला, तरच स्वतंत्र गती न्याय्य ठरते. अन्यथा ती मागासपणाला दिलेले सभ्य नाव होईल.

उच्चाराबरोबर अर्थ

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: वाचन म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडण्याची क्षमता आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार. गुणाकारात एक संख्या शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. लंडनमधील मूल 'मॅट' हा शब्द जोडून वाचते तेव्हा तो कानाला परिचित असल्याने अर्थ लगेच हाती येतो. साताऱ्याजवळच्या गावातील मूल तोच शब्द अचूक वाचूनही त्याच्या अर्थापर्यंत पोहोचेलच असे नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून घेतल्या जाणाऱ्या फोनिक्स तपासणीत मूल शब्द आठवणीने नव्हे तर ध्वनी जोडून वाचते का हे पाहण्यासाठी ४० पैकी २० शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात. मराठी मुलासाठी असे शब्द बनवण्याची गरज नाही, कारण अनोळखी खरे शब्दही तेच काम करतात आणि त्यांचा अर्थ पुढे उपयोगी पडतो.

म्हणून इंग्रजीच्या तासाचे दोन भाग असावेत. एका भागात गाणी, सूचना, चित्रांवरचा संवाद आणि गोष्टी यांतून इंग्रजी कानावर पडावी आणि ओठांवर यावी. हा भाग संपूर्ण वर्गाने एकत्र करायचा. दुसऱ्या भागात ध्वनींची कार्डे प्रत्येकाने आपल्या पायरीवर करायची, आणि त्यांतील शब्द शक्यतो पहिल्या भागात ऐकलेले असावेत. अर्थ सांगताना मराठीचा आधार मोकळेपणाने घ्यावा. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या परस्परावलंबनाच्या सिद्धान्तानुसार पहिल्या भाषेत कमावलेली वाचनक्षमता दुसऱ्या भाषेच्या उपयोगी येते, आणि त्या दृष्टीने फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी साक्षरतेच्या आरंभीच्या टप्प्यावर केलेले काम इंग्रजीच्या शिक्षकांनाही मोलाचे आहे. मराठी नीट वाचणारे मूल मजकुरातून अर्थ निघतो हा अनुभव घेऊन इंग्रजीकडे येते. हा अनुभव दुसऱ्या भाषेच्या पहिल्या अक्षरांतून नव्याने मिळवणे अतिशय कठीण असते.

या सगळ्याचा भार अखेरीस शिक्षकावर येतो, आणि त्यातील अनेकजण स्वतः स्पेलिंगच्या पाठांतरातूनच इंग्रजी शिकलेले आहेत. त्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण आणि रंगीत तक्ता देऊन भागणार नाही. मराठी आणि इंग्रजी ध्वनिव्यवस्थांची ओळख, पायरीवार कार्डांचा संच, मुलांचे वाचन ऐकण्यासाठी वेळापत्रकात राखलेला वेळ आणि अभ्यासक्रम ठरल्या तारखेला 'पूर्ण' करण्याच्या सक्तीतून सूट या चार गोष्टी त्यांना मिळायला हव्यात. इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय सामान्य घरांतील मुलांना संधी मिळावी म्हणून समर्थनीय ठरवला गेला होता. त्या घरांत इंग्रजी वाचून दाखवणारे कोणी नसते, आणि म्हणून न शिकवलेला शब्द स्वतः वाचण्याची व त्याचा अर्थ शोधण्याची ताकद शाळेतच मिळाली पाहिजे. ती प्रत्येक मुलाला मिळेपर्यंत त्या निर्णयाची पूर्तता झाली असे म्हणता येणार नाही.